बाळाच्या कमरेखालची खळी: एक सोडून द्यायची, एक दाखवायचीच

आमच्याकडं बाळाच्या अंगावरचं काही पण आधी न्हाऊ घालणाऱ्या मावशीला दिसतं. माझ्या भाचीच्या वेळी मावशी म्हणली, "ताई, लेकराच्या माकडहाडापशी खड्डा हाय बगा", आन् घरात रडारड सुरू झाली. निघालं काहीच नाही. पण त्याच्यावरून शेजारच्यांनी ठरवलं की आपल्या लेकराचा खड्डा पण तसलाच असंल, आन् तो तसला नव्हता, त्याला ऑपरेशन लागलं.

भाचीची खळी साधी होती. म्हणजे ढुंगणाच्या फटीत, बरोबर मधोमध, शीच्या जागेपासून २.५ सेंटीमीटरच्या आत, ५ मिलीमीटरपेक्षा लहान, आन् कातडी जरा बाजूला केली की तळ दिसतो. अशा खळ्या लई बाळांना असतात, मणक्याशी काही संबंध नसतो, बहुतेक वेळा सोनोग्राफी पण लागत नाही.

शेजारच्या लेकराचा होता डर्मल सायनस, म्हणजे कातडीतून आत जाणारी बारीक नळी. हे भोक बहुतेकदा फटीच्या वर, कंबरेकडं असतं, बारीक असतं, तळ दिसत नाही, शेजारी केसांचा झुपका, लाल डाग किंवा चरबीची गाठ असू शकते. (नवीन बाळाच्या सगळ्या पाठीवर लव असते ती वेगळी, आन् ढुंगणावरचे निळसर डाग तर आपल्याकडं कितीतरी लेकरांना असतात, नुसत्या त्यांना घाबरू नका.) पोटात पहिल्याच महिन्यात कातडी आन् मज्जारज्जू एकाच थरापासून बनून वेगळे होतात, एखाद्या जागी ते सुटलेच नाहीत तर तिथं बारीक नळी राहते, ती कधी कधी थेट मज्जारज्जूपर्यंत जाते. मग बाहेरचे जंतू त्याच वाटेनं आत जाऊन मेंदूज्वर होतो, आन् दुसरं म्हणजे मज्जारज्जू खाली बांधल्यासारखा राहतो, लेकरू वाढतं तसा ताणला जातो. त्यातून पाऊल वाकडं होणं, पायातली ताकद कमी होणं, लघवी सांगायला लागलेलं लेकरू परत कपड्यात करायला लागणं, असं हळूहळू सुरू होतं आन् घरचे म्हणतात लाडावलंय.

बाळाच्या पाठीची सोनोग्राफी जन्मल्यावर पहिल्या ३ महिन्यांत चांगली होते कारण तवर मणक्याची मागची बाजू कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची असते, पुढं हाड पक्कं झालं की आतलं दिसत नाही, मग एमआरआयच. नुसत्या एक्सरेवर समाधान मानू नका, त्यात मज्जारज्जू दिसतच नाही. ऑपरेशनमध्ये न्यूरोसर्जन ती नळी आतपर्यंत शोधून पूर्ण काढतात, मज्जारज्जू अडकलेला असंल तर मोकळा करतात. हे जंतू शिरायच्या आधी झालेलं बरं, कारण गेलेली ताकद नंतर पूर्ण परत येईलच असं नसतं.

भोकात काडी, कापूस, तेल, हळद काही म्हणजे काही घालू नका, हे हात जोडून सांगते. खर्चाची भीती असंल तर घरी येणाऱ्या आशाताईला दाखवा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मणक्याचे जन्मजात दोष धरलेले आहेत, त्यातून पुढं पाठवतात. आन् असलं भोक असलेल्या लेकराला ताप येऊन उलट्या व्हायला लागल्या, ते सुस्त पडलं किंवा भोकातून पाणी, पू आला तर सकाळची वाट बघू नका, रातोरात गाडी काढा.