पुसू नका, ते वय आहे

माझ्या एका मित्राकडे अत्तराची एक जुनी कुपी होती. करंगळीएवढी, पश्चिम आशियातली इस्लामी काच, साधारण हजारेक वर्षं जुनी, कागदपत्रांसकट घेतलेली. तिच्यावर मोरपिसासारखी हिरवी-जांभळी झळाळी होती आणि मधेमधे वाळलेल्या मातीचे डाग. मीच म्हटलं, जरा पूस ना, नीट दिसेल. त्याने ओल्या फडक्याने अगदी हलक्या हाताने पुसली आणि फडक्यावर मातीबरोबर ती झळाळीसुद्धा उतरली, अभ्रकाचा चुरा असावा तशी. खाली उरली फिकट, खरखरीत, मुकी काच. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. तेव्हापासून मी जुन्या वस्तूंच्या पृष्ठभागाबद्दल मिळेल ते वाचतोय, आणि आता खात्रीने सांगतो की आम्ही त्या दिवशी घाण पुसली नव्हती, त्या कुपीचं वय पुसलं होतं.

आधी ती झळाळी म्हणजे काय ते बघू, कारण बहुतेकांना वाटतं की तो कारागिराने दिलेला रंग आहे. तसं नाही. काच बनवताना वाळू एकटी वितळत नाही, तिला फार जास्त उष्णता लागते, म्हणून त्यात सोडा घालतात. रोमन काळात हा सोडा इजिप्तच्या वाळवंटातल्या खाऱ्या तळ्यांतून यायचा, नॅट्रॉन म्हणतात त्याला, पण आठव्या-नवव्या शतकाच्या सुमारास पश्चिम आशियातले काचकाम करणारे खारट जमिनीत वाढणाऱ्या झुडपांची राख वापरायला लागले, म्हणजे आपला सज्जीखारच. राखेतून मॅग्नेशियम आणि पोटॅशियम जास्त येतं, त्यामुळे काचेचा कणभर तुकडा तपासला तरी ती नॅट्रॉनची की राखेची हे कळतं. आता हीच काच जमिनीत शेकडो वर्षं पडून राहिली की ओलावा तिच्यातलं सोडियम हळूहळू बाहेर खेचतो आणि मागे उरतात सिलिकाचे, म्हणजे वाळूतल्याच मुख्य घटकाचे पापुद्रे, एकावर एक, प्रत्येक पापुद्रा मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याहूनही पातळ. पावसात रस्त्यावर तेल सांडलं की त्यावर जसे रंग दिसतात तसंच इथे होतं, पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूने परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही रंग वाढतात, काही मावळतात. म्हणजे त्या झळाळीत रंगद्रव्य नावाला नाही, नुसती जाडी आहे! जाडी बदलली की रंग बदलला. १९६१ मध्ये जुन्या काचेचे अभ्यासक रॉबर्ट ब्रिल यांनी हे पापुद्रे झाडाच्या वर्तुळांसारखे मोजून वय काढता येईल असं मांडलं होतं, ते भरवशाचं ठरलं नाही, पण कल्पना किती सुंदर होती बघा.

याची दुसरी बाजू दिसते ती कधीच जमिनीत न गेलेल्या काचेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये ‘लक ऑफ ईडनहॉल’ नावाचा १४ व्या शतकातला मीनाकाम केलेला पेला आहे, सीरिया किंवा इजिप्तमध्ये बनलेला, पुढे इंग्लंडमधल्या एका घराण्याने पिढ्यान् पिढ्या चामड्याच्या पेटीत जपलेला. निळं, लाल, हिरवं, पांढरं मीनाकाम, सोनं, सगळं जागच्या जागी, आणि पुरलेल्या काचेवर येते ती झळाळी मात्र नाही, कारण त्याला ओली माती लागलीच नाही. त्यामुळे कोणी पुरलेली काच म्हणून अगदी स्वच्छ, चकचकीत तुकडा दाखवला, किंवा घराण्यात जपलेली म्हणून पापुद्रे सुटलेला तुकडा दाखवला, तर दोन्ही वेळा कान टवकारले पाहिजेत. वस्तूची गोष्ट आणि वस्तूचं अंग जुळलं पाहिजे, एवढंच.

जुन्या काचेची जगातली सगळ्यात मोठी शाळा माझ्या मते समुद्रात सापडली. तुर्कस्तानच्या नैऋत्य किनाऱ्याजवळ सेर्चे लिमानी इथे ११ व्या शतकात एक जहाज बुडालं, त्यात सुमारे ३ टन काच होती, काही कच्च्या काचेचे गोळे आणि बाकी फुटलेली भांडी, पुन्हा वितळवायला निघालेली, म्हणजे सरळ भंगार. १९७७ ते १९७९ या काळात समुद्राखालचं उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ जॉर्ज बास यांच्या पथकाने ते वर काढलं आणि मग कित्येक वर्षं लाखो तुकडे जुळवत बसले. बाजारातला एक अखंड पेला जेवढं सांगतो त्यापेक्षा ते भंगार कितीतरी जास्त सांगतं, कारण काय कशाबरोबर होतं ते तिथे माहिती आहे.

आता जमिनीने दिलेली झळाळी एकीकडे आणि माणसाने मुद्दाम आणलेली झळाळी दुसरीकडे. लस्टर नावाची मातीची भांडी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं की यांच्यावर सोन्याचा मुलामा आहे. सोनं एक कणही नसतं. ९ व्या शतकात इराकमध्ये हे सुरू झालं (काचेवर त्याआधीच चालू होतं), अब्बासी खलिफांची काही काळची राजधानी समारा, तिथे १९११ ते १९१३ मध्ये उत्खनन झालं त्यात असे तुकडे निघाले. चीनची पांढरीशुभ्र भांडी तिथे पोचत होती, पण ती पांढरी माती इराकमध्ये नव्हती, मग कुंभारांनी पिवळट मातीवर कथील घातलेली झिलई देऊन पांढरेपणा आणला, आणि त्या पांढऱ्यावर ही करामत केली. तांबं आणि चांदी यांचे क्षार मातीत कालवून भाजलेल्या झिलईवर नक्षी काढायची, पुन्हा भट्टीत ठेवायचं पण आच कमी, साधारण ६०० अंश, आणि धूर कोंडायचा. धुरामुळे भट्टीत ऑक्सिजन कमी पडतो, तांबं आणि चांदी झिलईच्या आत शिरतात आणि तिथे धातूचे अतिसूक्ष्म कण होऊन बसतात, एकेरी आकड्यापासून दोन अंकी नॅनोमीटरपर्यंत (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). वरची जळकी माती घासून काढली की खाली सोनेरी नक्षी. आपण आज नॅनो नॅनो करतो ते काम हे लोक धुराच्या वासावर आणि आचेच्या रंगावर करत होते. इराणमधल्या काशानच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिम याने १३०१ मध्ये हे लिहूनसुद्धा ठेवलंय, भांड्याची माती कशी करायची तर गारगोटीची पूड १० भाग, काचेची पूड १ भाग, पांढरी माती १ भाग, आणि लस्टरसाठी मंद धूर ७२ तास. जरा धूर जास्त झाला की सगळी भट्टी वाया, विचार करा त्या माणसाची तिसरी रात्र कशी जात असेल.

गंमत अशी की ही नक्षी झिलईच्या आत असल्यामुळे ती मऊ कापडाने पुसली जात नाही, पण दुरुस्ती करणाऱ्याने प्लास्टरवर नंतर रंगवलेलं सोनेरी काम मात्र अगदी वरच्या वर असतं. १२ व्या-१३ व्या शतकातली इराणी आणि सीरियन भांडी अखंड अशी फार कमी निघाली, आणि विसाव्या शतकात त्यांना मागणी आली तेव्हा दोन-तीन वेगवेगळ्या वाडग्यांचे तुकडे जोडून, मधल्या फटी भरून, वर रंग देऊन एक ‘अखंड’ वाडगा केला जायचा. अंधारात अतिनील टॉर्च मारली की नवा डिंक, नवा रंग बऱ्याचदा वेगळाच चमकतो आणि वाडग्याचा नकाशा समोर येतो. हे बघणं थोडं दुःखाचंच असतं, पण नंतर तोच वाडगा जास्त आपला वाटतो, कारण खरं कुठे आहे ते कळलेलं असतं.

भाजलेल्या मातीचं वय काढायची एक पद्धत आहे, थर्मोल्युमिनेसन्स, म्हणजे तापवल्यावर येणारा उजेड. मातीतल्या गारगोटीच्या कणांत आजूबाजूच्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे इलेक्ट्रॉन अडकत जातात, वर्षानुवर्षं साठत जातात, भट्टीत भाजलं की हा साठा शून्य होतो आणि तिथून पुन्हा मोजणी सुरू. बुडाखालून चिमूटभर पूड काढून तापवली की साठलेली ऊर्जा उजेड होऊन बाहेर पडते, जितका उजेड जास्त तितकं भाजणं जुनं. नुसत्या पुडीवरून काढलेल्या वयात वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे होतं, पण ८०० वर्षं की ८० वर्षं एवढं सांगायला ते भरपूर आहे. फक्त हे लक्षात ठेवायचं की पूड बुडाची होती, वरचं भांडं कोणाचं ते त्या आकड्यात नाही. जुन्या बुडावर नवी भांडी चढवलेली असतात.

हीच पद्धत बौद्ध धातुमूर्तींनाही लागू पडते, हे ऐकून मी उडालोच होतो. मूर्ती पोकळ ओतायची तर आत मातीचा गाभा, त्यावर मेणाची मूर्ती, त्यावर पुन्हा मातीचा साचा, मग मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू. आतला गाभा ओतकामात भाजला जातो आणि बऱ्याचदा थोडा आतच राहतो, तीच त्या मूर्तीची जन्मतारीख. नेपाळी मूर्ती जवळजवळ शुद्ध तांब्याच्या असतात, कारण पाऱ्यात सोनं कालवून लावायचं आणि आचेवर पारा उडवायचा हा मुलामा तांब्यावर सगळ्यात छान बसतो. काश्मीरकडच्या पितळी, डोळ्यांत चांदी, ओठांत तांबं. तिबेटी मूर्तींच्या चेहऱ्यावर मात्र बऱ्याचदा सोन्याची भुकटी डिंकात कालवून नुसती लावलेली असते, केसांना निळा रंग, आणि इथेच परत ते ओलं फडकं आडवं येतं. एका पुसण्यात चेहरा जातो. कित्येक मूर्तींचे गेलेत.

धातूच्या बाबतीत एकच हिरवा रंग वाईट. गुळगुळीत, घट्ट चिकटलेला गडद हिरवा थर म्हणजे मॅलकाइट, तो असू द्या, त्याच्याखाली बहुधा लाल क्युप्राइट, म्हणजे तांब्याचाच एक गंज असतं आणि ते धातूतच मुरत गेलेलं असल्यामुळे नकली गंजात सहज जमत नाही. पण फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली आणि झटकली तरी काही दिवसांत परत आली तर तो ब्राँझचा रोग. जमिनीतलं मीठ धातूत शिरून क्लोराइड झालेलं असतं, हवेतला दमटपणा मिळाला की त्यातून आम्ल तयार होतं, ते आणखी तांबं खातं, आणि चक्र चालूच. हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली ठेवली की हे थांबतं, त्यासाठी बंद काचपेटी, सिलिका जेल आणि एक आर्द्रतामापक पुरतो. बरं, काचेचं उलट, ती फार कोरडी केली तर सोडा जास्त असलेल्या काचेला बारीक भेगा पडतात. दोघांना एका कपाटात ठेवू नका.

मेणाच्या ओतकामाची एक गोष्ट अजून. मूर्ती बाहेर काढायला साचा फोडावाच लागतो, म्हणून कुठल्याही दोन मूर्ती तंतोतंत सारख्या नसतात. १९६१ मध्ये नालंदाच्या संग्रहालयातून १४ मूर्ती चोरीला गेल्या, त्यातली एक १२ व्या शतकातली, चांदीचं जडावकाम असलेली बुद्धमूर्ती २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या कलाबाजारात विक्रीला दिसली आणि जुन्या फोटोंशी ताडून ओळखली गेली. १५ ऑगस्ट २०१८ रोजी लंडनमध्ये ती भारताच्या ताब्यात दिली. ५७ वर्षं! त्या काळात ती प्रामाणिकपणे घेणाऱ्यांच्या हातांतूनही गेली असेल, कोणी जुना फोटो मागितला नाही एवढंच.

आणि दगडाला तर वयच काढता येत नाही. गांधार शैलीचे, शिस्ट नावाच्या करड्या दगडाचे बुद्ध, अभ्रकाने लुकलुकणारे, त्यांचा दगड कोट्यवधी वर्षं जुना, छिन्नी कधी लागली ते प्रयोगशाळेला थेट मोजता येत नाही. तिथे उरतात पृष्ठभागावरच्या खुणा, वळ्यांच्या खोलात अडकलेला चुन्याचा थर, मुळांचे वळसे, लाल रंगाचा किंवा सोन्याचा एखादा ठिपका, आणि उरतात कागद. पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातल्या बुटकारा इथे १९५६ ते १९६२ मध्ये दोमेनिको फाचेन्ना यांच्या इटालियन पथकाने खोदलं तेव्हा एकात एक असा टप्प्याटप्प्याने वाढत गेलेला स्तूप उलगडला, कुठला तुकडा कुठल्या थरात हे नोंदलेलं. तोच तुकडा रात्री चोरून उपटला असता तर फक्त ‘सुंदर डोकं’ उरलं असतं. म्हणून मी तरी जुन्या वस्तूंचा चोरटा व्यापार रोखण्यासाठीच्या १९७० च्या युनेस्को करारापूर्वी ती वस्तू मूळ देशाबाहेर होती, किंवा नंतर रीतसर परवान्याने निघाली, याचा कागद असल्याशिवाय दगड हातात घेत नाही, कितीही देखणा असो.

त्या कुपीचं म्हणाल तर मित्राने ते फडकं टाकलं नाही. वाळल्यावर ब्रशने चुरा एका काचेच्या डबीत झाडून घेतला, कुपीच्या शेजारी ठेवलाय, डबीवर तारीख आणि काय झालं ते लिहिलंय. डबी थोडी कलती केली की आतला कण हिरवा दिसतो, अजून कलती केली की जांभळा.