पोटाचा घेर आणि पिशवीतली गाठ

कोकणात ऑपरेशनची तारीख डॉक्टर ठरवत नाहीत, सण ठरवतात. गुहागरकडच्या आमच्या काकूंना सोनोग्राफीत पिशवीत लिंबाएवढी गाठ दिसली. पाळीत अंगावरून इतकं जायचं की हिमोग्लोबिन ८ वर आलेलं. तरी उत्तर एकच, "गणपती होऊंदेत, मग बघू." मग भातकापणी आली, मग शिमगा. हे मला मुळीच पटत नव्हतं. पण मधल्या काळात त्या विचारत राहिल्या, "पण गाठ झाली कशानं गो?"

या गाठीला फायब्रॉइड म्हणतात. गर्भाशयाच्या स्नायूतलीच एक पेशी बिघडते आणि वाढत सुटते. भोवती कोलॅजनचे चिवट तंतू साठतात, म्हणून गाठ टणक लागते. ती कॅन्सरची असणं फार क्वचित. सुमारे ७० टक्के गाठींत 'मेड-१२' या एकाच जनुकात बिघाड असतो, हे फिनलंडच्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं. पण ही झाली ठिणगी. सरपण असतं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या बायकांच्या हार्मोन्सचं. पाळी गेली की गाठी बहुधा आकसतात त्या म्हणूनच.

हे सरपण मुख्यतः बीजकोशातून येतं, पण थोडं चरबीतूनही. चरबीला आपण भाताची कणगी समजत आलो: भरायची, लागेल तेव्हा उपसायची. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन हे चरबीतून येणारं हार्मोन सापडलं आणि ही कणगी बोलते हे कळलं. 'साठा पुरेसा आहे' असा निरोप लेप्टिन मेंदूला देतं. चरबी वाढली की लेप्टिन वाढतं. अ‍ॅडिपोनेक्टिन या दुसऱ्या हार्मोनचं उलटं, चरबी वाढली की ते घटतं. शिवाय चरबीत अ‍ॅरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते अँड्रोजेन या पुरुषी हार्मोनपासून इस्ट्रोजेन तयार करतं. चरबीबरोबर वाढलेलं इन्शुलिन यकृतातलं एक प्रथिन कमी करतं. हे प्रथिन इस्ट्रोजेनला बांधून ठेवणारं, त्यामुळे ते घटलं की मोकळं इस्ट्रोजेन वाढतं.

प्रयोगशाळेत गाठीच्या पेशींना लेप्टिन दिलं, किंवा त्या चरबीच्या पेशींशेजारी वाढवल्या, तर त्या जोमाने वाढतात. बायकांच्या रक्तातली मापं मात्र सगळ्या अभ्यासांत सारखं बोलत नाहीत. तेव्हा चरबीनेच गाठ होते, असं कुणी छातीठोक सांगू लागलं तर मी जरा सावध होते.

"पण मी कुठं जाडी आहे?" हा काकूंचा पुढचा प्रश्न. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपल्याकडची चरबी वजनकाट्याला हुलकावणी देते. हातपाय काडीसारखे आणि चरबी सगळी पोटाशी, अशा बायका मच्छी बाजारात कितीतरी दिसतात. फायब्रॉइडचा हिशेब करताना काट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी, असं मला वाटतं.

झालेली गाठ वजन उतरवून विरघळत नाही, हेही काकूंना सांगितलं. त्या हिरमुसल्या. तारीख आता आंबे उतरल्यावरची आहे. तोवर लोहाच्या गोळ्या, आणि गोळीनंतर तासभर चहा नाही. यातलं चहाचं तेवढं त्यांना जड जातंय.