भूगोल की भूगर्भशास्त्र? अकरावीचा फॉर्म भरण्याआधी

माझी भाची बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. विषय भूगोल, मार्क उत्तम. एका संध्याकाळी तिनं विचारलं, "मावशी, जीएसआयच्या परीक्षेची तयारी आत्तापासूनच सुरू करू का?" कॉलेजला जाता-येता नागपुरात सेमिनरी हिल्सवर तिला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची, म्हणजेच जीएसआयची, पाटी दिसायची. पाटीवर ‘भू’, तिच्या विषयातही ‘भू’. तीन वर्षं तिनं मनाशी तेच ठरवून ठेवलं होतं. मी स्वतः ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवते. तरी तिच्या अकरावीच्या वेळी मी हा प्रश्न काढलाच नव्हता, आणि त्या संध्याकाळी मला तिला सांगावं लागलं की त्या परीक्षेला भूगोलाची पदवी चालत नाही.

तेव्हापासून दर जूनमध्ये मी दहावी झालेल्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना हा फरक सांगत बसते. नागपुरात तर तो सांगायलाच हवा, कारण या दोन्ही विषयांची इतकी कार्यालयं एकाच गावात असणं दुर्मीळ आहे.

शब्दांपासूनच सुरुवात करू. भूगोल म्हणजे पृथ्वीचा गोल: तिचा पृष्ठभाग, त्यावरचं हवामान, नद्या, माती, पिकं, गावं, रस्ते, माणसं, आणि हे सगळं जिथं आहे तिथंच का आहे याचा शोध. भूगर्भ म्हणजे पृथ्वीचं पोट: खडक, खनिजं, जीवाश्म, भूजल, आणि हे कधी व कसं तयार झालं याचा शोध. एकाचा आवडता प्रश्न ‘इथंच का?’, दुसऱ्याचा ‘खाली काय, आणि किती जुनं?’ नद्यांनी जमीन कशी घडवली हा भाग दोन्हीकडे शिकवतात, उपग्रहाची चित्रं दोन्हीकडे वापरतात, म्हणून गोंधळ होतो.

माझ्या चुलतभावाची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. दोन बोअर कोरडे गेल्यावर तो म्हणाला, "ताई, बाजूच्याच्या बोरले पाणी लागलं, आपल्या काऊन नाही लागलं?" धुरा म्हणजे बांध एकच, अंतर हाकेवरचं. हा प्रश्न भूगर्भशास्त्राचा आहे. त्या भागात खाली बेसाल्ट आहे, लाव्ह्याचे थर एकावर एक साचून झालेला. घट्ट काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ नसतंच. ते असतं थराच्या झिजलेल्या, मुरूम झालेल्या भागात, खडकाच्या भेगांत, लाव्हा थंड होताना वायूनं पाडलेल्या पोकळ्यांत. बाजूच्याच्या बोअरला भेग सापडली, आमच्याला नाही. भूगर्भतज्ज्ञ विहिरींच्या कडा पाहतो, खडकाची विद्युत-रोधकता मोजतो आणि सांगतो की इथं खोल जाण्यात अर्थ नाही.

पण त्याच बांधावर दुसराही प्रश्न उभा असतो. काटोल, नरखेड, वरूड या पट्ट्यातच इतकी संत्री का? आंबिया बहाराला, म्हणजे थंडी सरताना येणाऱ्या फुलोऱ्याला, ऐन उन्हाळाभर पाणी द्यावं लागतं, मृगाचा फुलतो पावसावर. मग पाणी खोल गेल्यावर कोण कोणत्या बहाराकडे वळलं? कुणी टँकरनं बाग जगवली आणि कुणी झाडं तोडली? नागपूरच्या संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावात ‘भौगोलिक’ शब्द उगाच आलेला नाही. माती, हवा, पाणी आणि पिढ्यांची हातोटी एका जागी जुळली की तिथली चीज वेगळी ठरते, आणि ही जुळणी समजून घेणं हाच भूगोलाचा अभ्यास. माझ्या भावाला दोन्ही उत्तरं हवी आहेत, पण ती देणारी माणसं वेगवेगळ्या वर्गांत बसून शिकलेली असतात.

भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला नागपूर हे उघडं पुस्तक आहे. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. शहराच्या पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुने नाइस, म्हणजे उष्णतेनं आणि दाबानं रूप बदललेले, खडक. उत्तरेला कामठीचा वालुकाश्म, आणि तो इतका नमुनेदार की देशभरचे भूगर्भतज्ज्ञ त्या थराला ‘कामठी’ म्हणूनच ओळखतात. तिकडेच कोळसा. त्यापुढं मनसर-कांद्रीकडे मँगनीज. एका दिवसात, एसटीनं फिरून, पृथ्वीच्या इतिहासातले इतके वेगवेगळे काळ हाताला लागतात. स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात याच परिसरात जीवाश्म गोळा केले, टाकळीजवळ लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचंही वर्णन केलं. ती टाकळी आता शहराच्या पोटात आहे. हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते नाव एका हौशी भूगर्भतज्ज्ञाचं आहे हे फार थोड्यांना.

भूगोलाचं मूळही इथून दूर नाही. नागपुरातला झिरो माइलचा खांब जमिनीच्या मोजणीच्या परंपरेतला आहे. 1802 मध्ये मद्रासहून भारताची त्रिकोणमितीय मोजणी, म्हणजे त्रिकोण आखून जमीन मोजण्याचं काम, सुरू करणारा विल्यम लॅम्बटन नागपूरकडे येता येता 1823 मध्ये हिंगणघाटला वारला, तिथंच त्याची कबर आहे. आज साखळ्या-दुर्बिणींच्या जागी उपग्रह आले, पण काम तेच, जागा अचूक मांडण्याचं. सप्टेंबर 2023 च्या त्या रात्री नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. उतार कुठून कुठं, पात्र कुठं आवळलं गेलं, पाणी पुढच्या वेळी कुणाच्या दारात जाईल, हे नकाशावर आधीच दाखवता येतं. असा नकाशा करणारा माणूस भूगोल शिकलेला असू शकतो. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

आता नोकरीचं. इथं मी स्पष्टच बोलते, कारण पालकांचा खरा घोर तोच असतो.

भूगर्भशास्त्रात वाट अरुंद, पण ठळक आहे. यूपीएससीची संयुक्त भू-वैज्ञानिक परीक्षा देऊन जीएसआयमध्ये भूवैज्ञानिक होता येतं. गट अ, सुरुवातीचं मूळ वेतन 56,100 रुपये. त्याच परीक्षेतून केंद्रीय भूजल मंडळात जलभूवैज्ञानिक होता येतं. दोन्हींसाठी भूगर्भशास्त्रातली किंवा तिच्या शाखांतली पदव्युत्तर पदवी हवी, भूगोलाचं एम.ए. किंवा एम.एस्सी. धरत नाहीत. नागपुरात भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय आहे, मँगनीज काढणारी मॉइल, कोळसा काढणारी वेकोलि आणि खनिज शोध घेणारी एमईसीएल यांचीही मुख्यालयं इथंच. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतही जागा निघतात. मात्र जागा दरवर्षी सारख्या नसतात, आणि काम उन्हातान्हात, रानात, खाणीत. मुलींना सांगते, 2019 मध्येच जमिनीखालच्या खाणीतही दिवसपाळीत तांत्रिक आणि देखरेखीच्या पदांवर काम करायची मुभा स्त्रियांना मिळाली. "मुलींचं काम नाही" हे कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

भूगोलाची वाट रुंद आहे, पण पाट्या कमी. शिक्षकी पेशा सगळ्यांना माहीत आहे: बी.एड. करून शाळा, एम.ए. आणि बी.एड. करून ज्युनियर कॉलेज, नेट किंवा सेट करून सीनियर कॉलेज. भरती वर्षानुवर्षं अडते, हे मी आतून पाहिलं आहे. स्पर्धा परीक्षांत भूगोलाचा मोठा आधार मिळतो, कारण यूपीएससीच्या सामान्य अध्ययनातच तो आहे. वैकल्पिक विषय म्हणून मात्र भूगोल किंवा भूगर्भशास्त्र यांपैकी कोणताही एक घेता येतो, 500 गुणांचा.

तिसरी वाट जीआयएसची, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळण्याची, आणि रिमोट सेन्सिंगची, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमीन वाचण्याची. आज भूगोलाच्या मुलांनी सगळ्यात आधी हिच्याकडे पाहावं असं मला वाटतं. नागपुरात व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्र आहे, अमरावती रोडवर इस्रोचं प्रादेशिक केंद्र आणि माती सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्यूरोही. अशा ठिकाणी सुरुवात बहुतेकदा प्रकल्पापुरती, कंत्राटी असते, आणि खासगी कंपन्यांत पहिली वर्षं नकाशे डिजिटाइझ करण्यात जातात. म्हणून बी.ए.च्या पहिल्या वर्षापासूनच क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर शिका. ते फुकट मिळतं, घरच्या साध्या लॅपटॉपवर चालतं. सोबत थोडं पायथॉन प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्र शिकलेला मुलगा त्या पहिल्या पायरीवर अडकून राहत नाही. नगररचनेचं पदव्युत्तर शिक्षणही भूगोलाच्या एम.ए.ला खुलं असतं, पण आमच्याकडे त्याची चौकशी क्वचितच कुणी करतं.

अजून एक गैरसमज. भूगोलात हवामानशास्त्राचा पेपर असतो, म्हणून मुलं सोनेगावच्या हवामान केंद्रात नोकरीची स्वप्नं बघतात. हवामान विभागाला भौतिकशास्त्र, गणित, संगणक अशा पदव्या लागतात.

हा सगळा फाटा फुटतो तो अकरावीत. भूगोल बी.ए.ला आणि काही ठिकाणी बी.एस्सी.लाही मिळतो, म्हणजे कला शाखेतूनही जाता येतं आणि विज्ञानातूनही. भूगर्भशास्त्र बी.एस्सी.चा विषय आहे, त्याला बारावी विज्ञान लागतं. कला घेतलेल्या मुलानं नंतर मन बदललं तर परतीचा रस्ता नाही. विज्ञान घेतलेल्याला दोन्ही दारं उघडी राहतात. पण नुसतं दार उघडं ठेवायचं म्हणून, गणित-रसायनाची धास्ती असलेल्या मुलाला विज्ञानात ढकलू नका.

भाचीनं पुढं भूगोलातच एम.ए. केलं, मग जीआयएसचा डिप्लोमा. आता ती पाणलोटाच्या एका प्रकल्पात विहिरींचे नकाशे करते. तिच्या नकाशातला खडकांचा थर भूगर्भशास्त्र शिकलेला तिचा सहकारी भरतो. तिचा धाकटा भाऊ यंदा दहावीत आहे. गेल्या रविवारी त्याला घेऊन आम्ही दोघी सीताबर्डीच्या पायथ्यापासून नाग नदीच्या पुलापर्यंत चालत गेलो. टेकडीपाशी तो कापलेल्या खडकाच्या कडेला हात लावून उभा राहिला. पुलावर त्यानं विचारलं, नदी इथंच का वळते? घरी येईपर्यंत त्याचं काही ठरलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. फॉर्म भरायला अजून वेळ आहे.