चिंगीची 'उन्हाळी' वेगळी, गुंड्याची वेगळी

आमच्या घरी चिंगी कुत्री आणि गुंड्या बोका. दोन वर्षांच्या अंतराने दोघांनाही अगदी सेम त्रास झाला, म्हणजे सारखं शूला बसायचं, थेंबथेंबच यायची, नको तिथे व्हायची, एकदा तर चक्क लालसर. आईचं निदान दोन्ही वेळेला तयारच होतं, "उन्हाळी लागलीय, धण्याचं पाणी पाज." आणि मी शिकलेली म्हणून सरसकट युटीआय, म्हणजे लघवीच्या मार्गाचं इन्फेक्शन, म्हणत होते, एवढाच काय तो फरक. नंतर कळलं की चिंगीला खरंच इन्फेक्शन होतं आणि गुंड्याला नव्हतंच.

कुत्र्यांचं आधी सांगते, ते सोपं आहे. त्यांच्यात, त्यातही माद्यांमध्ये, हा त्रास बऱ्याचदा बॅक्टेरियाचा असतो. मादीची मूत्रनळी आखूड, तोंड शीच्या जागेजवळ, तिथले ई. कोलाय नावाचे जंतू वर चढतात आणि ब्लॅडरमध्ये मुक्काम ठोकतात. आता हे धणे-जिऱ्याने जात नाही हो, लघवी तपासून अँटिबायोटिकच लागतं, साध्या इन्फेक्शनला हल्ली ३ ते ५ दिवसांचा कोर्स बहुतेक पुरेसा धरतात. (सॅम्पलसाठी मी सकाळी सोसायटीच्या गार्डनमध्ये आमटीची जुनी पळी घेऊन चिंगीच्या मागे वाकून फिरत होते, वॉचमनने काय समजायचं ते समजून घेतलं.) घरगुती भाग येतो तो परत होऊ नये म्हणून. लघवी तुंबवायला लावायची नाही हे सगळ्यात मोठं, आपण फ्लॅटवाले सकाळ-संध्याकाळ दोनदाच खाली नेतो आणि मधले दहा तास ती बिचारी धरून बसते, झोपायच्या आधी एक चक्कर वाढवा. खाण्यात पाणी घाला, पावसाळ्यात चिखलातून आली की खालचे केस पुसून कोरडे करा. क्रॅनबेरीच्या गोळ्यांचं म्हणाल तर बॅक्टेरियाला चिकटू न देणं ही त्यामागची आयडिया आहे, पण कुत्र्यांमधले रिझल्ट्स काही एकसारखे नाहीत, त्यामुळे मी त्यात पैसे घातले नाहीत.

मांजराचं गणित निराळं. असा त्रास होणाऱ्या तरुण मांजरांमध्ये बॅक्टेरिया निघतात ते शंभरातल्या जेमतेम चार-पाच जणांत, म्हाताऱ्या, किडनी किंवा शुगरवाल्या मांजरांत जास्त. दहा वर्षांखालच्या मांजरांत निम्म्याहून जास्त केसेसमध्ये नेमकं कारण सापडतच नाही, ब्लॅडर सुजलेलं असतं पण जंतू नाहीत, खडा नाही. याला एफआयसी (फेलाइन इडिओपॅथिक सिस्टायटिस) म्हणतात आणि याचं टेन्शनशी नातं आहे. हसू नका, अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतल्या टोनी बफिंग्टन यांच्या टीमने २००६ मध्ये असल्या मांजरांचं फक्त घरचं वातावरण बदलून बघितलं, लपायला जागा, चढायला उंच फळी, खेळणं, पुरेसे लिटर बॉक्स (मांजराच्या शी-शूच्या वाळूच्या पेट्या), आणि त्रास बराच कमी झाला. आमच्या गुंड्याचं सुरू झालं ते दिवाळीत, फटाके, पाहुणे, आणि त्याच्या कपाटाखालच्या जागेत फराळाचे डबे.

आणि गंमत म्हणजे एफआयसीचा अटॅक बहुतेक वेळा पाच-सात दिवसांत आपोआप उतरतो. म्हणजे त्या आठवड्यात तुम्ही धण्याचं पाणी द्या, होमिओपॅथी द्या नाहीतर गेल्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक द्या, क्रेडिट त्यालाच जातं. आईला गेलंच.

मांजर मुळात वाळवंटी रानमांजराच्या कुळातलं, तहान कमी, पाणी शिकारीतूनच मिळायचं, उंदरात साधारण ७० टक्के पाणीच असतं. आपण देतो ड्राय फूड, त्यात पाणी दहाएक टक्के. म्हणून वेट फूड, किंवा चिकन उकडलेलं पाणी, पण मीठ-कांदा-लसूण अजिबात न घालता, कांदा-लसूण दोघांनाही विषारी. पाण्याचं भांडं पसरट, खाण्यापासून लांब, दोन-तीन ठिकाणी. लिटर बॉक्स मांजरं जितकी त्याहून एक जास्त. कुत्र्यालाही पाणी हवंच, पण त्याचं ब्लॅडर फटाक्यांनी सुजत नाही, म्हणून ही फळी-बिळी त्याच्यासाठी नाही.

दोन गोष्टी मात्र दोघांनाही देऊ नका. एक, मुतखड्यावर म्हणून आपल्याकडे खातात ते पानफुटीचं पान, ते कुत्र्या-मांजरांच्या हृदयाला घातक आहे. दुसरं, जळजळीवर आपण पितो ते लघवी अल्कली करणारं सिरप, कारण स्ट्रुव्हाइट नावाचे खडे अल्कली लघवीतच जास्त होतात. आणि उलट व्हिनेगर पाजून आम्लता वाढवायला जाल तर ऑक्झलेटचा खडा असेल तेव्हा पंचाईत. कुठला खडा ते तपासल्याशिवाय कळत नाही.

बोका असेल तर अजून एक. बोक्याची नळी अरुंद, त्यात बूच बसल्यासारखं होऊन लघवी पूर्ण थांबू शकते, आणि तो लिटरमध्ये कण्हत कुंथत बसला की बघणाऱ्याला वाटतं बद्धकोष्ठ झालंय, आणि लोक एरंडेल शोधायला जातात. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत जीव जाऊ शकतो, पोटॅशियम वाढून हृदय बंद पडतं. तिथे घरगुती काही नाही, रात्र असली तरी गाडी काढायची.

मी आता सकाळी चहाचं आधण ठेवलं की पहिला लिटर बॉक्स उपसते आणि शूने वाळूचे झालेले गोळे मोजते. लिंबाएवढे दोन-तीन असले की ठीक. सुपारीएवढे सहा-सात दिसले की त्या दिवशी गुंड्यावर नजर ठेवते, आणि एकही नसला तर चहा राहतो तसाच.