फंक्शनल रिॲक्टिव्ह प्रोग्रॅमिंग

फंक्शनल रिॲक्टिव्ह प्रोग्रॅमिंग (एफआरपी) : काळानुसार बदलणाऱ्या मूल्यांवर शुद्ध फंक्शने (त्याच निविष्टीला नेहमी तेच उत्तर देणारी, बाहेरचे काही न बदलणारी) लावून प्रोग्रॅम लिहिण्याची पद्धत. माउसची जागा किंवा चेंडूचा वेग येथे व्हेरिएबलमध्ये पुनःपुन्हा लिहिला जात नाही. ते मूल्यच काळाचे फंक्शन मानतात.

उगम सामान्यतः कोनाल एलियट व पॉल हुडाक यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या, हॅस्केल या फंक्शनल भाषेतील ‘फ्रॅन’ या ॲनिमेशन-प्रणालीत मानला जातो. मूल्यांच्या प्रवाहाची कल्पना मात्र त्याआधीची आहे. ल्यूसिड ही भाषा १९७० च्या दशकातली, तर लस्टर, एस्तेरेल या सिंक्रोनस (सामायिक घड्याळाच्या ठोक्यांवर चालणाऱ्या) भाषा १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये आकाराला आल्या. काहींना एफआरपी ही याच परंपरेची शाखा वाटते. तथापि लस्टरमध्ये काळ टप्प्याटप्प्याने सरकतो, फ्रॅनमध्ये तो सलग असतो. हा भेद मूलभूत मानणेच अधिक सयुक्तिक दिसते.

फ्रॅनमध्ये दोन प्रकार आहेत : प्रत्येक क्षणी मूल्य असलेले ‘बिहेव्हिअर’ आणि ठरावीक क्षणीच घडणारा ‘इव्हेंट’. वेगाचे संकलन (इंटिग्रेशन) केले की स्थान मिळते. पडद्यावर सेकंदाला किती चित्रचौकटी (फ्रेम) काढायच्या हे त्या सूत्रात येतच नाही. या सोयीची किंमत संगणकाच्या स्मृतीत (मेमरीत) मोजावी लागे, कारण जुनी मूल्ये कधी लागतील हे न कळल्याने पूर्ण इतिहास साठत जाई. पुढे येल विद्यापीठातील ‘यांपा’ या एफआरपी लायब्ररीने सिग्नल (काळानुसार बदलणारी मूल्ये) थेट हाताळू न देता सिग्नलांवरील फंक्शनेच जोडू दिली आणि स्मृतीची ही गळती बरीच आटोक्यात आणली.

दुसरी अडचण ‘ग्लिच’ची, म्हणजे मध्येच क्षणभर दिसणाऱ्या चुकीच्या मूल्याची. ब = अ + १ आणि क = अ + ब असे समजू. अ २ वरून ३ झाला की क ५ वरून थेट ७ व्हायला हवा. पण ब जुनाच असताना क काढला, तर मध्येच ६ दिसतो. ‘एफआरटाइम’ ही एफआरपी भाषा अवलंबनांच्या क्रमाने (आधी ब, मग क) गणना करून हे टाळते. मायक्रोसॉफ्टमध्ये एरिक मायर यांच्या पुढाकाराने घडलेल्या आरएक्स (रिॲक्टिव्ह एक्स्टेन्शन्स) या लायब्ररीत प्रवाहांची ताजी मूल्ये एकत्र करणारे ‘कंबाइनलेटेस्ट’ वापरल्यास तो ६ प्रत्यक्ष बाहेर पडतो. आरएक्सलाही सर्रास एफआरपी म्हणतात. एलियट यांना ते मान्य नाही, कारण त्यात सलग काळ नाही. निरीक्षक-पद्धतीचा (ऑब्झर्व्हर पॅटर्न : बदल होताच नोंदणी केलेल्यांना कळवणे) सुघड विस्तार, असे आरएक्सचे वर्णन अधिक नेमके ठरेल. वेबपृष्ठे रचण्याच्या रिॲक्ट या लायब्ररीशी एफआरपीचे साम्य मुख्यतः नावापुरते.

२०१२ मध्ये आलेली एल्म ही भाषा सिग्नलांवर उभी होती. २०१६ च्या ०.१७ आवृत्तीत ते काढून त्यांच्या जागी ‘सबस्क्रिप्शन’ (बाहेरच्या घटनांची सूचना मागवण्याची सोय) आणली गेली.