तारेविना वीज: टेबलात बसवल्या जाणाऱ्या चार्जरविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या नाशिकच्या कार्यशाळेत आम्ही लाकडी टेबले, दुकानांचे काउंटर आणि पलंगाशेजारची कपाटे यांत मोबाइलचे वायरलेस चार्जर बसवून देतो. चौकशीला येणाऱ्या बऱ्याच ग्राहकांचा पहिला प्रश्न एकच असतो: फोन खिशात ठेवून खोलीत वावरलो, तर तो आपोआप चार्ज होईल का? या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते पैसे घेण्याआधी सांगणे हे आम्ही आमचे कर्तव्य मानतो. मात्र ते ‘नाही’ का, हे एकदा समजले की टेबलाची जाडी, फोनचे कव्हर, चार्जरची जागा, विजेचा खर्च अशा बाकीच्या बहुतेक शंका ग्राहकाला स्वतःच सोडवता येतात. त्यासाठी हे माहितीपत्रक थोडे सविस्तर लिहिले आहे.

तारेविना वीज जाते कशी

१८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांनी लंडनमध्ये एका लोखंडी कड्यावर तारेची दोन स्वतंत्र वेटोळी गुंडाळली. एका वेटोळ्यातील प्रवाह चालू किंवा बंद केला की त्या क्षणी दुसऱ्या वेटोळ्यात प्रवाह उमटतो, असे त्यांना दिसले. बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या तारेत वीज निर्माण करते, हा तो शोध होय. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या डीपीतील ट्रान्सफॉर्मर याच तत्त्वावर चालतो. ११ हजार व्होल्टची वाहिनी आणि आपल्या घराकडे येणारी वाहिनी यांची वेटोळी एकमेकांना तारेने जोडलेली नसतात, तरीही वीज एकीकडून दुसरीकडे जाते. त्यामुळे घरी येणारी वीज वाटेत निदान एकदा तरी तारेविनाच पुढे सरकलेली असते, असे म्हटले तर ते चूक ठरणार नाही.

ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही वेटोळ्यांच्या मधून लोखंडी गाभा जातो आणि चुंबकीय क्षेत्राला इकडेतिकडे पसरू देत नाही. वायरलेस चार्जरमध्ये हा गाभा नसतो. एक वेटोळे, ज्याला आम्ही कामाच्या भाषेत कॉइल म्हणतो, टेबलात असते आणि दुसरे फोनच्या पाठीमागच्या काचेखाली असते. मधे हवा, लाकूड किंवा प्लास्टिक असल्यामुळे क्षेत्र पसरते व दुबळे होते. ही उणीव दोन उपायांनी भरून काढली जाते. पहिला उपाय वारंवारतेचा आहे: घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, तर चार्जरमधील सर्किट तिचे साधारण एक ते दोन लाख आवर्तनांच्या प्रवाहात रूपांतर करते, कारण क्षेत्र जितक्या वेगाने बदलेल तितकी दुसऱ्या कॉइलमध्ये वीज अधिक उमटते. दुसरा उपाय म्हणजे कॉइलच्या पाठीमागे लावलेली फेराइट या चुंबकीय पदार्थाची पातळ चकती. ती क्षेत्राला मागे जाऊ न देता समोर वळवते. फोनमधील कॉइलमध्ये उमटलेली वीज तेथेच डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, केली जाते आणि बॅटरीकडे पाठवली जाते.

सर्व भर अंतरावर

कॉइलपासून बरेच दूर गेल्यावर अंतर दुप्पट झाले की चुंबकीय क्षेत्र आठव्या हिश्श्यावर येते. या एका नियमात या तंत्रज्ञानाची ताकद आणि मर्यादा दोन्ही आहेत. व्यवहारासाठी आम्ही ग्राहकांना एक ढोबळ ठोकताळा सांगतो: कॉइल जेवढी रुंद, त्याच्या फार तर निम्म्या अंतरापर्यंतच वीज चांगल्या प्रकारे पोचते, असे धरून चालावे. फोनमधील कॉइल चार-पाच सेंटीमीटर रुंद असते आणि तिच्यासाठी प्रमाणित चार्जर काही मिलिमीटरच्या अंतरासाठीच बनवलेले असतात. विजेवर चालणाऱ्या मोटारींसाठी अमेरिकेतील अभियंत्यांच्या संस्थेने २०२० मध्ये जे२९५४ हे मानक जाहीर केले. त्यात जमिनीवरची चकती आणि गाडीच्या पोटाखालची चकती यांत १० ते २५ सेंटीमीटर अंतर चालते, ११ किलोवॅटपर्यंत शक्ती देता येते आणि दोन्ही चकत्या नीट जुळल्या तर किमान ८५ टक्के कार्यक्षमता अपेक्षित आहे. तेथे अंतर वाढवता आले, ते चकत्या फोनच्या कॉइलपेक्षा कितीतरी मोठ्या असल्यामुळे.

अंतर आणखी वाढवण्याचा एक उल्लेखनीय प्रयोग अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये २००७ साली झाला. मारिन सोल्याचिच यांच्या गटाने सुमारे ६० सेंटीमीटर व्यासाच्या दोन कॉइल एकाच वारंवारतेला अनुस्पंदित केल्या, म्हणजे एकाच ठेक्याला प्रतिसाद देतील अशा जुळवल्या, आणि दोन मीटर अंतरावरचा ६० वॅटचा दिवा लावून दाखवला. त्या अंतरावर कॉइलपासून कॉइलपर्यंत सुमारे ४० टक्केच ऊर्जा पोचली. विज्ञान म्हणून हे मोठे यश आहे. पण घरातल्या फोनसाठी ६० सेंटीमीटरची कॉइल कोणी बाळगणार नाही आणि निम्म्याहून अधिक वीज वाया घालवणेही कोणाला परवडणार नाही. खोलीभर चार्जिंगच्या प्रश्नाला आम्ही ‘नाही’ म्हणतो, ते या हिशेबावरून.

आपल्या टेबलासाठी याचा अर्थ

बाजारात चालणारे बहुतेक चार्जर ‘ची’ या मानकाचे असतात. २००८ मध्ये स्थापन झालेल्या वायरलेस पॉवर कन्सॉर्टियमने ते तयार केले असून, जीवनशक्ती या अर्थाच्या चिनी शब्दावरून त्याला हे नाव दिले आहे. सुरुवातीला त्यात ५ वॅट मिळत, पुढे १५ वॅट मिळू लागले. २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या दुसऱ्या पिढीत कॉइलभोवती चुंबकांचे कडे आहे, त्यामुळे फोन आपोआप नेमक्या जागी बसतो. आमच्या मते ही सुधारणा वॅट वाढण्यापेक्षा महत्त्वाची आहे, कारण फोन एखाद्या सेंटीमीटरने सरकला तरी चार्जिंग मंदावते किंवा थांबते आणि सकाळी उठल्यावर फोन रिकामा पाहून ग्राहक चार्जरला दोष देतो.

फर्निचरसाठी सहसा वापरला जाणारा प्लाय १८ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्यावर सुमारे १ मिलिमीटरचा सनमायका असतो. एवढ्या जाडीतून साधा चार्जर काम करणार नाही. त्यामुळे आम्ही लाकूड कोरणाऱ्या राऊटर मशीनने प्लायच्या खालच्या बाजूने गोल खाच पाडतो आणि वर सनमायकासह तीन-साडेतीन मिलिमीटरच जाडी ठेवतो. यापेक्षा कमी ठेवली तर पृष्ठभागावर दाब पडताच तेथे तडा जातो आणि जास्त ठेवली तर कव्हर घातलेला फोन दाद देत नाही, हे आम्ही अनेक तुकडे वाया घालवून शिकलो. आपल्या फोनच्या कव्हरची जाडीही याच हिशेबात धरावी लागते. ग्रॅनाइटच्या ओट्यात किंवा काउंटरमध्येही चार्जर बसवता येतो, पण दगड खालून तेवढाच पातळ करावा लागतो. ते काम दगडकाम करणाऱ्या कारागिराकडून करून घ्यावे लागते, शिवाय पातळ झालेल्या जागी जड भांडे आपटल्यास दगड फुटू शकतो. म्हणून स्वयंपाकाच्या ओट्यासाठी आम्ही तसे करण्याचा सल्ला देत नाही.

स्टीलच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पृष्ठभागातून चार्जिंग मुळीच होत नाही. बदलते क्षेत्र धातूमध्ये भोवरी प्रवाह निर्माण करते आणि ऊर्जा फोनपर्यंत पोचण्याऐवजी धातू तापवण्यात खर्च होते. इंडक्शन शेगडीवर भांडे तापते ते याच कारणाने. आमच्या सुरुवातीच्या काळात एका दवाखान्याच्या काउंटरमध्ये बसवलेला चार्जर दोन दिवसांत बंद पडू लागला. उघडून पाहिल्यावर फळीच्या आत सुताराने आधाराला लावलेली लोखंडी पट्टी अगदी कॉइलच्या कडेला आढळली. चूक आमची होती, कारण फर्निचर तयार झाल्यावर आम्ही आत काय आहे हे न पाहता खाच पाडली होती. तेव्हापासून खाच पाडण्यापूर्वी आम्ही सर्व बाजूंनी चुंबक फिरवून पाहतो आणि शक्य असल्यास सुताराशी आधीच बोलून घेतो.

अडॅप्टरविषयी एक सूचना आवर्जून करतो. १५ वॅटचा चार्जर जुन्या ५ वॅटच्या अडॅप्टरला जोडला तर तो १५ वॅट देऊ शकत नाही, म्हणून आम्ही योग्य अडॅप्टर सोबतच देतो व तो बदलू नये असे सांगतो.

विजेचा खर्च

केबलने चार्ज करण्यापेक्षा वायरलेस चार्जिंगला वीज जास्त लागते, हे खरे आहे. ५००० मिलिअँपिअर-अवरच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-अवर ऊर्जा मावते. ती भरण्यासाठी केबलने बोर्डातून साधारण २३ वॅट-अवर घेतले जातात आणि चांगल्या जुळणीच्या वायरलेस चार्जरने २८ ते ३० असे धरले, तर रोज एकदा पूर्ण चार्ज करूनही वर्षाकाठी दोन-अडीच युनिटांचा फरक पडतो. घरासाठी हा खर्च नगण्य आहे. उपाहारगृहांनी मात्र रिकाम्या चार्जरचाही विचार करावा: एक चार्जर रिकामा असताना ०.२ वॅट घेत असेल, तर वर्षात पावणेदोन युनिट होतात आणि ३० टेबलांचे ५० युनिटांहून अधिक. त्यासाठी अशा ठिकाणी आम्ही सर्व टेबलांना एक सामाईक स्विच देतो, म्हणजे रात्री बंद करताना विसर पडत नाही.

उष्णता आणि सुरक्षितता

वाया जाणारी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते आणि उष्णता लिथियम बॅटरीचे आयुष्य कमी करते. त्यामुळे फोन तापल्यावर अनेक फोन स्वतःच चार्जिंग मंद करतात. तो बिघाड नव्हे. एप्रिल-मे महिन्यांत खिडकीतून ऊन थेट पडणारी जागा चार्जरसाठी निवडू नये, असे आम्ही सुचवतो.

चार्जर सतत पूर्ण शक्तीने क्षेत्र सोडत राहतो, असा समज आहे. प्रत्यक्षात तो थोड्या-थोड्या वेळाने एक लहानसा संकेत देऊन वर फोन आहे का हे पाहतो. फोनमधील कॉइल उत्तर देते, किती शक्ती हवी हे सांगत राहते आणि बॅटरी भरली की थांबायला सांगते. वर नाणे, किल्ली किंवा धातूची वस्तू राहिली तर ते ओळखून बंद होण्याची सोय चांगल्या चार्जरमध्ये असते, तरीही फोन आणि चार्जर यांच्यामध्ये अशा वस्तू ठेवू नयेत, कारण त्या तापतात. बँकेची चुंबकीय पट्टीची कार्डे कव्हरच्या खिशात ठेवून फोन चार्ज करू नये. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे, त्यांनी चार्जिंग चालू असलेला फोन शरीरापासून किमान ३० सेंटीमीटर दूर ठेवावा आणि आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पलंगाशेजारी असा चार्जर बसवून घेऊ नये. अशा ग्राहकाने आम्हाला आधी सांगितल्यास आम्ही स्वतःच दुसरी जागा सुचवू.

हेच तत्त्व आणखी कोठे दिसते

ऐकू न येणाऱ्यांसाठी शस्त्रक्रियेने बसवल्या जाणाऱ्या कॉक्लिअर इम्प्लांट या श्रवणयंत्रात कातडीखालच्या भागाला सहसा बॅटरी नसते. कानामागे चुंबकाने चिकटलेली बाहेरची कॉइल वीज आणि आवाजाचा संकेत दोन्ही आत पोचवते, त्यामुळे कातडीला छिद्र पाडून तार आत न्यावी लागत नाही. या तंत्रज्ञानाचा इतका मोलाचा उपयोग आम्हाला दुसरा दिसत नाही. मेट्रोच्या किंवा बँकेच्या टॅप करायच्या कार्डात बॅटरी नसते. यंत्राजवळ नेल्यावर १३.५६ मेगाहर्ट्झच्या क्षेत्रातून त्यातील चिपला पुरेशी वीज मिळते. गाडीच्या काचेवरचा फास्टॅगही बॅटरीविना टोलनाक्यावरच्या अँटेनाच्या रेडिओ लहरींवर चालतो आणि तोही काही मीटरवरून. तेथे अंतर जास्त चालते, कारण चिपला लागणारी वीज फोन चार्ज करायला लागणाऱ्या विजेच्या तुलनेत अत्यल्प असते.

दूरवर जास्त शक्ती पाठवण्याचे स्वप्न जुने आहे. निकोला टेस्ला यांनी १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर त्यासाठी मनोरा उभारायला घेतला. पैशाअभावी काम अपुरे राहिले आणि १९१७ मध्ये तो पाडण्यात आला. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे सूक्ष्मलहरींच्या (मायक्रोवेव्हच्या) झोताने दीड किलोमीटरहून थोड्या अधिक अंतरावर ३० किलोवॅटपेक्षा जास्त वीज मिळवण्यात आली, पण लहरी पाठवायला २६ मीटर व्यासाची तबकडी लागली. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या उपग्रहावरील प्रयोगात अवकाशातून पाठवलेली ऊर्जा जमिनीवर नोंदवता आली. ती नोंदवण्याइतकीच होती, वापरण्याइतकी नव्हती.

चौकशीला येताना

आपला फोन रोजच्या कव्हरसह घेऊन यावे. कमी किमतीच्या बऱ्याच फोनांत आतील कॉइल नसते. अशा फोनला मागे चिकटवायचा रिसीव्हर मिळतो, परंतु त्याची पट्टी चार्जिंगच्या छिद्रात अडकलेली राहते आणि तो सावकाश चार्ज करतो, हे पाहून मगच ठरवावे. टेबल तयार असेल तर त्याच प्लायचा आणि सनमायकाचा उरलेला तुकडा सोबत आणावा. आम्ही त्यात आपल्यासमोर खाच पाडून, फोन अर्धा तास ठेवून किती टक्के चार्ज होतो ते दाखवतो आणि त्यानंतरच ऑर्डर घेतो.