ग्रंथालय माहिती प्रणाली : संशोधन आणि आराखडा

ग्रंथांची दाखल नोंद, तालिका (संग्रहातील ग्रंथांची शोधसूची), देवघेव, नियतकालिकांचा हिशेब आणि वाचकाचा शोध ही सारी कामे एकाच नोंदसंचावर चालवणाऱ्या व्यवस्थेस ग्रंथालय माहिती प्रणाली म्हणतात. आज तिचा मोठा भाग संगणकावर असतो. पण दाखल नोंदवही, तालिकापत्रांचे कपाट आणि पुस्तकाच्या पाठीवरचा, फळीवरची जागा सांगणारा बोधांक यांची मिळून संगणकापूर्वीही अशी प्रणाली होतीच. वाचक काय विचारतात, त्यांना काय सापडते, कोणते पुस्तक किती वेळा घरी जाते आणि कोणते फळीवरून हलतच नाही, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे या क्षेत्रातील संशोधन. ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमांत संशोधनपद्धती आणि प्रणालीची रचना हे बहुधा दोन स्वतंत्र विषय असतात. प्रत्यक्षात पहिल्याच्या उत्तरावाचून दुसरा सुरूच करता येत नाही, आणि प्रणाली अपयशी ठरण्याचे मूळ अनेकदा हा क्रम उलटा होण्यात असते.

संशोधनाची सुरुवात काउंटरपासून होते. एखादा शेतकरी वाचक येऊन ‘विहिरीवरचं काही पुस्तक आहे का?’ असे विचारतो. त्याला विहीर खोदण्यासाठी मिळणाऱ्या अनुदानाची माहिती हवी असेल, आटलेल्या विहिरीचे पुनर्भरण कसे करावे हे समजून घ्यायचे असेल किंवा पाण्याची जागा कशी ओळखतात हे वाचायचे असेल. त्याने उच्चारलेला प्रश्न आणि त्याच्या मनातली गरज यांत अंतर असते. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये या अंतराच्या चार पायऱ्या मांडल्या : मनात असलेली पण शब्दांत न आलेली गरज, जाणवलेली पण धूसर गरज, नीट मांडलेला प्रश्न आणि शेवटी ग्रंथालयात काय मिळेल याचा अंदाज बांधून विचारलेला, तडजोड केलेला प्रश्न. अनुभवी ग्रंथपाल दोन-चार उपप्रश्न विचारून वाचकाला शेवटच्या पायरीवरून मागे नेतो. संगणकाच्या शोधचौकटीत मात्र नेमका तो तडजोडीचा प्रश्नच टंकला जातो. म्हणून मुलाखती, काउंटरवरील निरीक्षण आणि वाचकाला शोध घेताना मोठ्याने विचार करायला सांगून केलेल्या नोंदी या पद्धती छापील प्रश्नावलीपेक्षा अधिक उपयोगी ठरतात. ‘आपण ग्रंथालयाच्या सेवेबाबत समाधानी आहात का?’ या प्रश्नाला ओळखीच्या ग्रंथपालासमोर नकार देणारा वाचक विरळाच.

दुसरी मोठी पद्धत म्हणजे वापराच्या नोंदींचे मोजमाप. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात ॲलन केंट आणि सहकाऱ्यांनी केलेला, १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी प्रसिद्ध आणि बदनामही आहे. १९६९ मध्ये खरेदी झालेल्या पुस्तकांपैकी सुमारे ४० टक्के पुस्तके १९७५ अखेरपर्यंत एकदाही घरी नेली गेली नव्हती, असे त्यात आढळले. ग्रंथालयातच बसून वाचलेल्या पुस्तकांचा पुरता हिशेब त्यात लागलेला नाही, असा आक्षेप प्राध्यापकांनी व ग्रंथपालांनी घेतला. या वादातून पुढच्या प्रणालींना एक धडा मिळाला : टेबलावर सोडलेली पुस्तके फळीवर परत ठेवण्यापूर्वी त्यांचीही नोंद घेण्याची सोय आराखड्यात हवी, अन्यथा जे मोजलेच जात नाही ते वापरलेही जात नाही असा समज होतो. नियतकालिकांच्या बाबतीत लंडनच्या सायन्स म्युझियम ग्रंथालयातील सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ मध्येच दाखवले होते की, एखाद्या विषयावरील लेखांचा मोठा वाटा थोड्या नियतकालिकांत एकवटतो आणि उरलेला असंख्य नियतकालिकांत विखुरतो. कोणती वर्गणी चालू ठेवावी या हिशेबाला अजूनही त्याचा आधार घेतला जातो.

शोध यंत्रणा चांगली की वाईट हे प्रयोगाने ठरवता येते, ही कल्पना मात्र इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथील वैमानिकी महाविद्यालयाचे ग्रंथपाल सिरिल क्लेव्हरडन यांनी रुजवली. पहिल्या प्रयोगात त्यांनी १८,००० लेख चार वेगवेगळ्या निर्देशन पद्धतींनी, म्हणजे लेखांना शोधखुणा देण्याच्या पद्धतींनी, नोंदवले आणि १,२०० प्रश्न विचारून कोणती पद्धत किती उत्तरे शोधते ते पाहिले. एकमेकींशी कडाक्याने भांडणाऱ्या या पद्धतींच्या निकालांत फारसा फरक निघाला नाही. पण प्रश्न त्याच संग्रहातील लेखांवरून बेतलेले होते, म्हणजे प्रश्नकर्त्याला उत्तर आधीच ठाऊक होते, यावर टीका झाली आणि ती रास्त होती. १९६६ मध्ये पूर्ण झालेल्या दुसऱ्या प्रयोगात संग्रह १,४०० लेखांपुरता ठेवला गेला, प्रत्यक्ष संशोधकांकडून प्रश्न घेतले गेले आणि प्रत्येक प्रश्नासाठी कोणता लेख उपयुक्त हे स्वतंत्रपणे ठरवले गेले. तपासलेल्या ३३ निर्देशन भाषांत लेखातील साधे सुटे शब्द सर्वांत सरस ठरले, हा निकाल वर्गीकरणकारांना पचायला जड गेला. उपयुक्त साहित्यापैकी किती सापडले ही परिपूर्णता आणि सापडलेल्यापैकी किती उपयुक्त निघाले हा नेमकेपणा, ही दोन मापे या प्रयोगांनी रूढ केली. एक वाढवायला गेले की दुसरे सहसा घटते. विहिरीबद्दल विचारणाऱ्याला भूजलावरची सगळी पुस्तके दाखवली तर काही सुटत नाही, पण हवे ते पुस्तक त्या ढिगात दबून जाते.

साध्या शब्दांचे यश म्हणजे वर्गीकरणाचा पराभव, असे मात्र नव्हे. विषयांना आकडे देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत भूजल ५५१.४९ वर येते, पाणीपुरवठा ६२८.१ वर, आणि शेतीच्या ओलिताचा विषय शेतीच्या वर्गात. त्यामुळे विहिरीवरची पुस्तके तीन फळ्यांवर विखुरतात. पुस्तक एकाच जागी ठेवता येते, विषय मात्र अनेक बाजूंचा असतो. या अडचणीवर शियाळी रामामृत रंगनाथन यांनी उपाय शोधला. मूळचे गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेले. लंडनच्या एका दुकानात पट्ट्या आणि स्क्रू जोडून हवी ती वस्तू बनवण्याचे मेकॅनो हे खेळणे पाहून त्यांना सुचले की, विषयांचे तयार क्रमांक देण्याऐवजी विषयाचे घटक द्यावेत आणि ते जोडून क्रमांक तयार करावा. १९३३ मधील कोलन वर्गीकरण या कल्पनेवर उभे आहे. पुढे या घटकांना व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल असे पाच गट मिळाले. आज तालिकेच्या पडद्यावर डाव्या बाजूला भाषा, वर्ष, विषय, प्रकार अशा याद्या दिसतात आणि वाचक एकेक पर्याय निवडत निकाल गाळत जातो, त्यामागे हाच विचार आहे. १९३१ मध्ये त्यांनी मांडलेल्या पंचसूत्रीतील ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे चौथे सूत्र तर प्रणालीच्या चाचणीत घड्याळ लावून तपासता येते.

नोंदीचा साचा ठरवणे हा आराखड्याचा गाभा असतो. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात हेन्रिएट ॲव्ह्रम यांनी १९६० च्या दशकात मार्क हा यंत्रवाचनीय साचा घडवला. त्यातील १०० क्रमांकाच्या रकान्यात मुख्य लेखक आणि २४५ मध्ये शीर्षक हे आकडे जगभरच्या तालिकाकारांना पाठ असतात. हा साचा तालिकापत्राचा संगणकीय अवतार होता, त्यामुळे तो एका छापील आवृत्तीभोवती फिरतो. आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाने १९९८ मध्ये कृती, तिचा आविष्कार, छापील आवृत्ती आणि हातातली प्रत असे चार स्तर वेगळे केले. ज्ञानेश्वरीचे उदाहरण घेतले की या भेदाची गरज लगेच कळते. भावार्थदीपिका हे तिचेच दुसरे नाव, राजवाडे यांनी संपादिलेली संहिता आणि साखरे यांची संहिता हे वेगळे आविष्कार, त्यांची पुनर्मुद्रणे या आवृत्त्या, आणि ग्रंथालयातील दाखल क्रमांक असलेले, कोपरे दुमडलेले पुस्तक ही प्रत. सपाट तालिकेत हे सगळे एकाच यादीत येते आणि वाचकाला सारखी दिसणारी चाळीस नावे वाचावी लागतात.

लेखकांच्या नावांसाठी प्रमाण नावांची स्वतंत्र फाइल ठेवावी लागते, आणि मराठीत ती चैन नसून निकड आहे. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेखन बाळकराम या नावाने केले. वि. वा. शिरवाडकर व कुसुमाग्रज हे एकच, हे वाचकाला माहीत असते, संगणकाला सांगावे लागते. त्यात आद्याक्षरांमध्ये जागा सोडावी की नाही, विष्णु की विष्णू, आडनाव आधी की नंतर, असे प्रश्न येतात. जुन्या पुस्तकांवर फक्त शके असतो; शके १८३० म्हणजे इसवी सन १९०८-०९. वर्षाच्या रकान्यात १८३० तसेच भरले गेले, तर पुस्तक आहे त्यापेक्षा पाऊणशेहून अधिक वर्षे जुने दाखवले जाते.

लिपीचा प्रश्न बाहेरून किरकोळ वाटतो, पण शोध बहुधा तिथेच अडतो. युनिकोड ही सर्व लिप्यांची सामाईक संकेतपद्धती येण्यापूर्वी प्रत्येक फॉण्टचे संकेत वेगळे असल्याने तेव्हाच्या नोंदी नव्या प्रणालीत निरर्थक चिन्हांच्या ओळी होऊन येतात. युनिकोडनेही सगळे सुटले नाही. ‘दऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन मार्गांनी टंकता येतो : ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, संगणकासाठी मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. आणि जोडचिन्ह गळाले तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होऊन डोंगरातला वाचक समुद्रावर पोहोचतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले, त्याआधीच्या नोंदींत अ वर चंद्र देऊन ते लिहिलेले असते. वर्णक्रमाचेही तसेच. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडच्या संकेतक्रमात तो ल नंतर लगेच बसतो. म्हणून मराठी क्रम सांगितला नसेल तर प्रणाली ‘बळ’ हा शब्द ‘बस’च्या आधी लावते.

व्याकरणाची अडचण याहून खोल आहे. वाचक ‘विहीर’ असे टंकतो आणि पुस्तकाचे नाव ‘विहिरींचे पुनर्भरण’ असते. इंग्रजीसाठी बनवलेल्या प्रणालीत शब्दाचा शेवट सैल सोडला की काम भागते, इथे सामान्यरूपात मधली वेलांटीच बदलते, त्यामुळे ‘विही’ एवढेच शोधले तरी ‘विहिरी’ हाती लागत नाही. पाणी आणि पाण्याचे, फूल आणि फुलांचे, मूल आणि मुलांसाठी या जोड्यांचीही हीच गत. भारतीय भाषांतील शोधाच्या मूल्यमापनासाठी २००८ पासून चालणाऱ्या फायर या उपक्रमात मराठी वर्तमानपत्रांचा मजकूर क्रॅनफील्डच्या धर्तीवर तपासला गेला आणि प्रत्यय काढून शब्दमूळ गाठल्याने मराठी शोध लक्षणीय सुधारतो असे दिसले. तरीही प्रणाली विकत घेताना ही चाचणी क्वचितच केली जाते. निविदेत ‘मराठीची सोय असावी’ एवढे एक वाक्य असते आणि मराठी अक्षरे पडद्यावर उमटली की ती अट पूर्ण झाली असे धरले जाते.

आराखड्याची कामे प्रत्यक्षात कोणत्या क्रमाने व्हावीत याचे चांगले उदाहरण न्यूझीलंडमधले आहे. तेथील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० साली बंद पडणार होती. बाजारातली महागडी प्रणाली घेण्याऐवजी न्यासाने स्वतःच्या गरजा मांडून एका छोट्या स्थानिक कंपनीकडून नवी प्रणाली करून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती सुरू केली आणि तिची संगणकसंहिता सर्वांना खुली केली. माओरी भाषेत भेट असा अर्थ असलेल्या ‘कोहा’ या नावाने ती आता जगभर वापरली जाते. भारतात विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राची सोल आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय या प्रणालीही प्रचलित आहेत. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमानुसार मान्य झालेली ग्रंथालये अ, ब, क आणि ड अशा वर्गांत मोडतात. ड या सर्वांत लहान वर्गाच्या ग्रंथालयात दाखल, देवघेव, वर्गणीची पावती आणि झाडलोट ही सारी कामे एकाच माणसाकडे असू शकतात. विद्यापीठासाठी रचलेले अकरा रकान्यांचे दाखल पत्रक तेथे दिले, तर चार रकाने भरले जातात आणि बाकीचे रिकामे राहतात. आराखडाकाराने हे चार रकाने कोणते, हे आधी बसून पाहिलेले बरे.

प्रणाली सुरू झाल्यावर तिच्या नोंदीच नव्या संशोधनाचे साधन बनतात. ज्या शोधांना एकही निकाल मिळाला नाही त्यांची यादी दरमहा वाचली, तर टंकनातल्या चुका, संग्रहात नसलेले विषय आणि प्रमाण नावांत राहिलेल्या त्रुटी वेगवेगळ्या दिसू लागतात. मात्र कोणी काय वाचले ही सभासदाची खासगी बाब आहे. पुस्तक परत येताच त्याचा सभासदाशी असलेला दुवा तोडायचा आणि मोजणीसाठी फक्त आकडा ठेवायचा, ही सोय प्रणालीत पहिल्या दिवसापासून असावी लागते, कारण साठलेली नोंद पुढे पुसायला कोणी सहसा धजत नाही. करारातही एक अट आवर्जून घालावी लागते : सर्व नोंदी मार्कसारख्या खुल्या साच्यात, युनिकोडमध्ये, ग्रंथालयाला हव्या तेव्हा बाहेर काढता आल्या पाहिजेत. ही अट नसलेल्या ग्रंथालयांना प्रणाली बदलताना पुन्हा दाखल नोंदवही उघडून पहिल्या क्रमांकापासून टंकन करावे लागते, आणि म्हणून संगणक आला तरी ती नोंदवही रद्दीत घालू नये, असे जुने ग्रंथपाल सांगतात.